विवाहितेचे नाव आणि पासपोर्ट

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेचे निमंत्रण गेले की तो बोनस, महागाई किंवा संप यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही यंदा हा विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दोनदा फोन करून तो नीट ऐकला ना, याची खात्री करून घेतली. इतिहासाचे आम्ही पदवीधर नव्हे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन तक्रारींच्या मधल्या वेळात. तेव्हा हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या सोलापुरातल्या एका विडी कामगार बाईची मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेऊन आखातातल्या एका शहरात इस्पितळात नोकरी करते. तिच्या पासपोर्टाची दहा वर्षे संपत आली होती आणि मधल्या काळात तिचे लग्न झाले होते. एका रात्री तिचा फोन आला. "काका, वकिलातीत नव्या पासपोर्टाचा अर्ज टाकायचा आहे. सासरचे म्हणतात, आता नाव बदलूनच घे. पण माझी पदवी, इथला परवाना, नोकरीचा करार, बँकेचं खातं, सगळं माहेरच्या नावावर आहे. काय करू?" आम्ही त्या वेळी "कागदपत्रे पाहून सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. पुढे वाचीत गेलो तेव्हा कळले की याच प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी काही बायका दोन मोठ्या सरकारांशी भांडल्या होत्या, आणि त्या भांडणाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोचतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. गोऱ्या लोकांत लग्न झाले की बाईचे फक्त आडनाव बदलते. आपल्याकडे बाईचे नाव तीन पदरी: स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. लग्नानंतर बापाच्या जागी नवरा येतो, आडनाव जाते, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून पहिला पदरही बदलून टाकतात. म्हणजे तिन्ही जातात. पासपोर्टात नावाच्या दोन चौकटी असतात, एक आडनावाची आणि एक बाकीच्या नावाची. मराठी बाईने सासरचे नाव घ्यायचे म्हटले तर दोन्ही चौकटी बदलतात. परदेशातला कारकून दोन पासपोर्ट शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा छायाचित्राशिवाय त्यांत सारखे असे फारच थोडे त्याला दिसते.

जुन्या काळी ही अडचण नव्हती, कारण पासपोर्टच फारसा कुणी मागत नसे. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदी गोपाळ जोशी झाली. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्या काळी पासपोर्ट पाहण्याची रीत नव्हती. पदवीवर जे नाव चढले ते सासरचे. माहेरची यमुना कुठल्याच कागदावर उरली नाही. १८८७ साली पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटर बाईंकडे गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत जो दगड उभा आहे त्यावरही आनंदीबाई जोशी हेच नाव आहे.

त्याच पिढीतल्या रखमाबाईंची गोष्ट उलटी. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे त्यांनी मुंबईच्या हायकोर्टाला सांगितले आणि १८८४ पासून चार वर्षे तो खटला गाजला. पुढे १८८९ साली त्या विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोट इकडे त्यांनी आयुष्यभर इस्पितळे चालवली. त्या ओळखल्या गेल्या नुसत्या रखमाबाई म्हणून. मागे ना बाप, ना नवरा. एका शब्दाचे नाव घेऊन बाई विलायतेत राहिली, शिकली, परत आली. पासपोर्टाच्या राज्यात हे इतके सोपे जाते ना, याची आम्हाला शंका आहे.

आता पासपोर्टाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचे परराष्ट्र खाते मागेल त्याला पासपोर्ट देई, पण तो असे घरच्या कर्त्या पुरुषाचा. त्यात 'पत्नीसह' अशी एक नोंद करीत. पत्नीला नाव असते आणि ते लिहावे लागते, ही गरज पुष्कळदा कुणाला वाटत नसे. तो कागद नवऱ्याच्या खिशात. नवरा पॅरिसला राहिला आणि बाईला एकटीला पुढे जायचे असले तर तिच्या हाती काही नाही. यात कुणाची दुष्टबुद्धी होती असे नव्हे. इंग्रजी कायद्याचे जुने सूत्रच असे होते की लग्नानंतर नवरा-बायको मिळून कायद्याने एक व्यक्ती होते. आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा, हे सांगावे लागत नसे.

या सूत्राला पहिला ठळक नकार दिला लूसी स्टोन या बाईने. गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देत गावोगाव हिंडणारी ही बाई. १८५५ साली हेन्री ब्लॅकवेलशी लग्न करताना दोघांनी मिळून विवाहाच्या कायद्याचा लेखी निषेध केला, आणि पुढे तिने आपले नाव तेच ठेवले. १८७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा समितीच्या निवडणुकीपुरता बायकांना मताचा हक्क मिळाला. आयुष्यभर ज्या मतासाठी झगडलो ते एवढेसे का होईना हाती येते आहे, म्हणून ती नाव नोंदवायला गेली. अधिकारी म्हणाला, ब्लॅकवेल अशी सही करा. ती मत न देताच परत आली. १८९३ साली वारली, तोवर तिने एकदाही मत दिले नाही. हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हाला हट्ट वाटला होता. मत महत्त्वाचे की आडनाव? चळवळीत आम्ही नेहमी सांगत आलो की पदरात पडेल ते आधी घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे. आज आम्ही तितक्या खात्रीने तसे म्हणणार नाही.

कारण नावाच्या मागे काय उभे असते ते १९०७ साली उघड झाले. त्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केले की तिचे नागरिकत्व गेले. नवऱ्याचा देश तोच तिचा देश. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेन्झी बाईने एका ब्रिटिश माणसाशी १९०९ साली लग्न केले. दोघेही कॅलिफोर्नियातच राहत. पुढे त्या राज्यात बायकांना मताधिकार आला, बाई सान फ्रान्सिस्कोत नाव नोंदवायला गेली, आणि तिला सांगण्यात आले की तुम्ही आता इंग्रज आहात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९१५ साली निकाल लागला तो बाईच्या विरुद्ध. लग्न तिने राजीखुशीने केले, त्याचे परिणाम तिला ठाऊक होते, तेव्हा नागरिकत्वही तिने राजीखुशीनेच सोडले असे धरायचे, असा त्या निकालाचा आशय. राजीनामा कामगाराने राजीखुशीने दिला, असा लेखी जबाब आम्ही कितीदा तरी वाचला आहे. त्यामुळे ही भाषा आमच्या ओळखीची निघाली.

त्याच कायद्यात परदेशी राहणाऱ्या बायकांसाठी एक कलम होते. नवरा वारला किंवा काडीमोड झाला तर बाईने वर्षाच्या आत अमेरिकन वकिलाकडे जाऊन नाव नोंदवावे, म्हणजे तिला नागरिकत्व परत मिळेल. नाहीतर मायदेशी येऊन राहावे. जरा विचार करा. परक्या गावात नवरा गेलेला, पदरात मुले, आणि आपण कुठल्या देशाच्या हे ठरवायला हातात बारा महिने. ते कलम तिला कोण वाचून दाखवणार होते?

तोवर महायुद्ध आले. १९१४ पासून देशोदेशींनी सरहद्दी बंद केल्या, पासपोर्टावर छायाचित्र आले, आणि जो कागद हौसेचा होता तो सक्तीचा झाला. युद्ध संपले तरी सक्ती गेली नाही. आपल्याकडेही १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. आता प्रत्येक बाईला कधी ना कधी त्या खिडकीशी उभे राहून नाव सांगावे लागणार होते, आणि त्यामुळेच भांडणे सुरू झाली. १९२१ ते १९२६ या पाचसहा वर्षांत ती पेटली.

पहिली रूथ हेल. न्यूयॉर्कची वार्ताहर. नवरा हेवूड ब्रून हाही नावाजलेला पत्रकार. १९२१ साली तिने आपल्या नावाने पासपोर्ट मागितला. परराष्ट्र खात्याने सांगितले की विवाहित बाईला माहेरच्या नावाने पासपोर्ट देण्याची वहिवाट नाही. फार ताणल्यावर खात्याने तोड काढली: 'रूथ हेल, ऊर्फ मिसेस हेवूड ब्रून' असे लिहून दिले. आपल्याकडे पोलीस चौकीत 'ऊर्फ' कुणाच्या नावापुढे लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने पासपोर्ट परत केला आणि फ्रान्सचा प्रवास रद्द केला; नवऱ्यानेही आपला रद्द केला. त्याच वर्षी तिने न्यूयॉर्कमध्ये लूसी स्टोनच्या नावाने संघटना उभी केली. नवऱ्याचे आडनाव न लावणाऱ्या बाईला त्या देशात पुढे कित्येक वर्षे 'लूसी स्टोनर' म्हणत, थोडे कौतुकाने आणि बरेचसे कुचेष्टेने.

दुसरी इंग्लंडची हेलेना नॉर्मंटन, आणि हिच्याविषयी आम्हाला जरा विस्ताराने सांगायचे आहे, कारण ती आपल्या शेजारची निघते. काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीतर्फे लंडनहून 'इंडिया' नावाचे पत्र निघत असे. १९१८ ते १९२० या काळात त्याच्या संपादनाचे काम या बाईने केले. त्यातले १९१८-१९ चे वर्ष टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनला होते, त्या वेळचे. हिंदुस्थानला स्वराज्य द्यावे असे उघड म्हणणारी ही शिक्षिका. १९१९ च्या डिसेंबरात, बायकांना वकिली खुली करणारा कायदा होताच, तिने मिडल टेंपलमध्ये नाव घातले. वकिलांच्या त्या जुन्या संस्थांपैकी एकीत प्रवेश मिळालेली ती पहिली बाई. १९२१ साली गॅव्हिन क्लार्क या गृहस्थाशी तिचे लग्न झाले. नाव तिने बदलले नाही. १९२२ साली ती बॅरिस्टर झाली, नॉर्मंटन म्हणूनच. मग परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट हवा झाला आणि परराष्ट्र खाते आडवे आले. बाई कायदा शिकलेली. नवऱ्याचे नाव घेणे ही इंग्लंडात रूढी आहे, कायद्याची सक्ती नाही, या मुद्द्यावर ती घट्ट उभी राहिली. १९२४ साली खात्याने तिला तिच्या नावाने पासपोर्ट दिला; विवाहित ब्रिटिश स्त्रीला माहेरच्या नावाने मिळालेला तो पहिला पासपोर्ट. १९४९ साली ती किंग्ज कौन्सेल झाली, हा मान मिळवणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या दोन बायकांतली एक. १९५७ साली ती वारली. आमच्याकडच्या पुस्तकांत तिचे नाव आम्हाला कुठे सापडले नाही, हे मात्र मनाला लागते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, अमेरिकेतही बांध फुटला. डोरिस फ्लाइशमन ही जाहिरात-प्रसिद्धीच्या धंद्यातली बाई. नवरा एडवर्ड बर्नेज त्याच धंद्यातला, आणि कचेरी दोघांची एकच. १९२२ साली लग्न झाले त्या रात्री हॉटेलच्या नोंदवहीत तिने आपले माहेरचे नाव लिहिले आणि ती वर्तमानपत्रांतली बातमी झाली. बातमी होईल अशी तजवीज नवऱ्यानेच केली होती, असे म्हणतात, धंदाच तो. पासपोर्टाच्या अर्जात तिने खात्याला साधे तर्कशास्त्र ऐकवले: पासपोर्ट माणसाची ओळख पटवण्यासाठी असतो ना, मग मी खोट्या नावाने प्रवास करावा अशी तर आपली इच्छा नसेल. यावर खात्याला उत्तर देता आले नाही. १९२५ साली तिला डोरिस फ्लाइशमन या नावाने पासपोर्ट मिळाला. 'अमक्याची पत्नी' ही पुरवणी लिहिण्याची सवय जायला मात्र आणखी बारा वर्षे लागली. १९३७ साली पासपोर्ट विभागाच्या प्रमुख रूथ शिपली बाईंनी ती बंद केली.

याच डोरिसबाईंनी १९४९ साली एका मासिकात लेख लिहून जाहीर केले की दोन नावांनी जगण्याचा आपल्याला कंटाळा आला. १९५५ साली त्यांचे पुस्तक निघाले ते डोरिस फ्लाइशमन बर्नेज या नावाने. पुष्कळांना हा त्यांचा पराभव वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. संपाचा हक्क मिळालेल्या कामगाराने एखाद्या वर्षी संप केला नाही, म्हणून हक्क वाया गेला असे कुणी म्हणत नाही.

हे सर्व वाचताना आमच्या मनात एक अढी होती ती कबूल करतो. ही सारी शिकल्यासवरलेल्या, खात्यापित्या घरच्या, नवऱ्याची साथ असलेल्या बायकांची भांडणे. वकील, पत्रकार, प्रसिद्धीवाल्या. आमच्या विडीवाल्या बाईला यांच्याशी काय कर्तव्य? ही अढी मोडली ती मेरी दास यांच्या हकिकतीने.

त्यासाठी आधी १९२२ चा एक कायदा सांगावा लागेल. अमेरिकन बायकांना मताधिकार मिळाल्यावर त्यांनी सर्वांत आधी जे काही पदरात पाडून घेतले त्यात १९०७ चा तो अन्याय बराचसा दूर करणारा केबल कायदा होता. परदेशी माणसाशी लग्न केले म्हणून नागरिकत्व जाणार नाही, असे त्यात ठरले. पण कायद्याला एक शेपूट होते. नवरा 'नागरिक होण्यास अपात्र' अशा वंशाचा असेल, तर बायकोचे नागरिकत्व जाईल. अपात्र म्हणजे गोरे नसलेले आशियाई लोक. मग १९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानचे लोक सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे गोरे नव्हेत. सबब त्यांना नागरिक होता येत नाही. जे आधीच झाले होते त्यांचीही कागदपत्रे रद्द करण्याचे सरकारने मनावर घेतले.

तारकनाथ दास हे बंगालचे क्रांतिकारक. १९१४ साली अमेरिकन नागरिक झालेले. युद्धकाळात सान फ्रान्सिस्कोला चाललेल्या हिंदू-जर्मन कटाच्या खटल्यात तुरुंगवास भोगून आलेले. १९२४ साली त्यांनी मेरी कीटिंग मोर्स या अमेरिकन बाईशी लग्न केले. बाई जन्माने अमेरिकन, नवराही कागदोपत्री अमेरिकन. पण थिंड निकालानंतर सरकारचे म्हणणे असे की दासांचे नागरिकत्व मुळातच खोटे. म्हणजे ते अपात्र. म्हणजे त्यांची बायकोही अमेरिकन नव्हे. तिला पासपोर्ट नाकारण्यात आला. आता तिला हिंदुस्थानी म्हणावे, तर हिंदुस्थानचे स्वतःचे नागरिकत्वच त्या काळी नव्हते; असायचे तर इंग्रजांचे प्रजाजन, आणि दास इंग्रजांचे वैरी. १९२६ साली 'द नेशन' या साप्ताहिकात तिने आपली कैफियत मांडली. तिला स्वतःच्या नावाचा पासपोर्ट नको होता की नवऱ्याच्या नावाचा नको होता. तिला कुठल्याही नावाने पासपोर्ट मिळत नव्हता.

इथे आम्हाला विषयाचे मर्म सापडले असे वाटते. रूथ हेल ज्या आडनावावर अडून बसली, ते आडनाव म्हणजे एका मोठ्या हिशेबाच्या वहीतला दिसणारा आकडा होता. वहीत बाईचे खातेच नव्हते. ती नवऱ्याच्या खात्यावर मांडलेली. नवरा गोरा आणि सधन असला तर खाते बरे चाले, म्हणून फारसे कुणाला कळत नसे. नवरा काळा निघाला की बाई दिवाळखोर.

याच्याच दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित उभे होते. थिंड यांच्या वकिलांत हेही होते. हेही १९१४ साली नागरिक झालेले, आणि आता त्यांच्यावरच नोटीस. पंडितांनी कोर्टापुढे जे मुद्दे मांडले त्यांत एक बायकोचा होता. त्यांची पत्नी लिलियन स्ट्रिंगर, गोरी अमेरिकन. माझे नागरिकत्व काढाल तर या बाईचेही जाईल आणि तिच्या नावावरची जमीन धोक्यात येईल. सरकारने दिलेल्या कागदावर विसंबून आम्ही संसार उभा केला, त्याचे काय, असा त्यांचा सवाल. १९२६ साली अपील कोर्टाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले, आणि सरकारने असले बाकीचे दावे सोडून दिले. केबल कायद्याचे ते शेपूट १९३१ साली छाटले गेले. अन्यायाची जी तरतूद बायकोला नवऱ्याच्या मागे ओढीत होती, तीच पंडितांनी हातात घेऊन उलटी फिरवली. युनियनच्या वकिलांना आम्ही हा खटला मुद्दाम वाचायला दिला.

इंग्लंडने या बाबतीत फार वेळ लावला. १९१४ च्या कायद्यात ब्रिटिश माणसाची बायको ब्रिटिश आणि परक्याची बायको परकी असे स्वच्छ लिहिले होते. युद्ध लागताच जर्मनांना दिलेल्या इंग्रज लेकी शत्रुदेशीय ठरून पोलिसांकडे हजेरी लावू लागल्या. ती तरतूद १९४८ च्या कायद्याने गेली. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तसले काही मुळातच नाही, हे सांगायला बरे वाटते. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात सांगितले आणि त्याच वर्षी सध्याचा पासपोर्ट कायदा झाला. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे आपल्याकडे कोणताही कायदा म्हणत नाही. विवाहितांना लग्नाचा दाखला किंवा तसले प्रतिज्ञापत्र जोडावे लागे, तीही अट २०१६ च्या डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने काढून टाकली.

म्हणजे त्या मुलीला उत्तर देणे सोपे होते. नाव ठेवायचे तर ठेव, बदलायचे तर बदल, कायदा तुझ्या आड येत नाही. पण ते सांगायला फोन हाती घेतला आणि आम्हाला आमचेच एक जुने प्रकरण आठवले.

वीसएक वर्षांपूर्वी विडी कामगार बायकांचे फंडाचे कागद तयार करण्यासाठी युनियनने वस्तीत शिबिर लावले होते. टेबलाशी लेखणी घेऊन आम्हीच बसलो होतो. बाई समोर आली की आम्ही विचारायचो, "मालकांचं नाव काय?" आणि ते मधे घालून, नवऱ्याचे आडनाव लावून फॉर्म भरायचो. असे शेकडो भरले असतील. बायकांपैकी पुष्कळ जणी लग्नाआधीच, आईच्या सुपाशी बसून, या कामाला लागलेल्या. कारखान्याच्या जुन्या वहीत त्यांची नावे माहेरची होती. आम्ही एकीलाही विचारले नाही की वहीत तुझे काय नाव आहे, किंवा तुला काय लिहायला हवे. पुढे पेन्शनची वेळ आली तेव्हा कचेरीने दोन कागद शेजारी ठेवले आणि या दोन वेगळ्या बायका आहेत म्हणून अर्ज परत पाठवले. मग प्रतिज्ञापत्रे, नगरसेवकाचे दाखले, हेलपाटे. एका बाईचे पैसे शेवटी आले ते तिच्या मुलाच्या हाती पडले. ती तोवर राहिली नव्हती. मालकांशी आणि सरकारशी आम्ही आयुष्यभर भांडलो. त्या फॉर्मवरचे अक्षर मात्र आमचे होते.

मुलीला आम्ही ही हकिकतही सांगितली. रूथ हेल आणि मेरी दास यांच्याविषयी सांगितले. ती ऐकून घेत होती की ड्यूटीवरून दमून आल्यामुळे गप्प होती, कळले नाही. शेवटी म्हणाली, "काका, ते अमेरिकेचं राहू द्या. नाव बदललं तर इथला परवाना नव्या नावाचा होईपर्यंत पगार चालू राहील का, एवढं सांगा." ते आम्हाला सांगता आले नाही, तिने इस्पितळाच्या कचेरीत विचारले. पंधरा दिवसांनी कळवले की माहेरचेच नाव ठेवले, आणि अर्जात जोडीदाराच्या रकान्यात नवऱ्याचे नाव घातले. सासूबाई दोन महिने फोनवर बोलल्या नाहीत, मग बोलू लागल्या.

तिची आई अजून विड्या वळते. आता नवी नोंदणी चालू असते तेव्हा आम्ही टेबलावर तरुण मुलींना बसवतो आणि पहिला प्रश्न बदलला आहे: "तुमचं नाव काय लिहू?" परवा ती आली, खुर्चीवर बसली, पदराने चष्मा पुसला आणि पिशवीतून रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक आणि आम्ही भरलेला तो जुना कागद, सगळे टेबलावर मांडून म्हणाली, "यातल्या कुठल्या कागदावरचं सांगू?"